म्हातारपणाविषयी पंचवीस विधाने

‘म्हातारपणी बहुतेकांना बुद्धिभ्रंश होतोच.’ गोंडपिपरीच्या एखाद्या वर्गात हे विधान फळ्यावर लिहून चूक की बरोबर असे विचारले, तर किती हात ‘बरोबर’साठी वर होतील? आधी आपण शिक्षकांनीच मनाशी उत्तर द्यावे. विधान चूक आहे.

अशा प्रश्नांचा इतिहास फार जुना नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत टकमन व लॉर्ज यांनी वृद्धांविषयीची एक लांबलचक प्रश्नावली वापरली. तिच्यात तथ्य आणि मत यांची सरमिसळ होती. ‘म्हातारी माणसे हट्टी असतात’ याला होकार दिला, तर उत्तर देणाऱ्याचा पूर्वग्रह कळतो, त्याचे ज्ञान कळत नाही. ड्यूक विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अर्डमन पामोर यांनी १९७७ साली पुराव्याने पडताळता येतील अशीच २५ विधाने निवडली. विषम क्रमांकाची सर्व चूक, सम क्रमांकाची सर्व बरोबर. पदवीच्या विद्यार्थ्यांची जेमतेम दोन तृतीयांश उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही निम्मी बरोबर येतातच!

हा केवळ गुणांचा खेळ नव्हे. वृद्ध रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्यामागे जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाण्याची कमतरता असू शकते आणि त्यावर उपचार होतात. शिकाऊ परिचारिका ‘वय झाले, चालायचेच’ असे समजली, तर तो उपचार राहून जातो.

मात्र उत्तरपत्रिकाही म्हातारी होते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, हे पामोर यांचे विधान १९७७ साली चूक होते. २०२०च्या तेथील जनगणनेत हे प्रमाण १६.८ टक्के भरले. चूक ते बरोबर झाले!

स्थळ बदलले तरी असेच होते. वृद्धांपैकी किती जण संस्थांत राहतात, हा पामोर यांचा प्रश्न तेथे योग्य होता. आपल्याकडे किती जण एकटे राहतात, हे विचारणे अधिक उपयोगाचे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी केली. त्यात साठीपुढील दर १०० जणांत सुमारे ६ जण एकटे राहत असल्याचे आढळले.

म्हणून आम्हाला असे सुचवावेसे वाटते, की शरीराविषयीची विधाने आहेत तशीच घ्यावीत. वाढत्या वयात फुप्फुसांची क्षमता घटते, ती गोंडपिपरीतही आणि अमेरिकेतही. समाजाविषयीची विधाने मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावीत. मोहफुले वेचायला घरातले कोण जाते? तेंदूपानांचे पुडे कोण बांधते? आजी-आजोबांना वय विचारून आकडे मांडावेत. ६०, ६५, ७० यांवरच गर्दी दिसली, तर वय हाही अनेकदा अंदाजच असतो, हे मुलांना आपोआप कळेल.

आणि उत्तरपत्रिकेवर गावाचे नाव व वर्ष लिहायला विसरू नये.