एक संयुक्त खाते

निर्णय घेणे हे माझे काम नाही. बँकेत गेली वीस-बावीस वर्षे मी कागद पुढे सरकवतो आहे. कोपऱ्यात ‘योग्य त्या आदेशासाठी सादर’ असे लिहायचे, खाली बारीकशी सही करायची, कागद साहेबांच्या टेबलावर टाकायचा आणि गंगेत घोडे न्हाले असे समजून चहाला जायचे. ही सवय घरीही लागली. भाजी कोणती आणू, या प्रश्नालाही मी ‘बघ, तुला काय वाटतं’ म्हणतो. हिचे मत असे, की आमचे लग्नसुद्धा मी ठरवलेले नाही. फाईल वरूनच मंजूर होऊन आली.

म्हणून 18 सप्टेंबर 2014 च्या स्कॉटलंडबद्दल वाचताना माझे लक्ष पुढाऱ्यांकडे जातच नाही. ते जाते मतदानाच्या सकाळपर्यंत ‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्या माणसाकडे. त्याला विचारले होते एवढेच : स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का? खाली दोन चौकटी, ‘होय’ आणि ‘नाही’. तिथल्या सरकारला आधी ‘व्हावा, हे तुम्हांला मान्य आहे का?’ असे विचारायचे होते. पण असा प्रश्न माणसाला ‘होय’कडे ढकलतो, म्हणून निवडणूक आयोगाने तो बदलायला लावला. फॉर्मचा मजकूर इतका बारकाईने वाचणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ‘योग्य त्या आदेशासाठी सादर’ ही तिसरी चौकट मात्र त्यांनाही सुचली नाही.

आता तुम्ही म्हणाल, स्कॉटलंडशी आपला काय संबंध? अहो, आहे! पेशवाई बुडाल्यावर इथला कारभार बघणारा एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्यानंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माल्कम स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिश. आपण सगळ्यांना सरसकट ‘इंग्रज’ म्हणून मोकळे झालो.

हे लोक इंग्रजांच्या पंक्तीला कसे बसले, ही कथा माझ्या खात्यातली आहे. 1690 च्या दशकात स्कॉटलंड स्वतंत्र देश होता. राजा तेवढा इंग्लंडचा आणि त्यांचा एकच. व्यापारात मागे पडतो आहोत म्हणून त्यांनी एक कंपनी काढली, 4 लाख पौंडांचे भागभांडवल गोळा केले आणि 1698 मध्ये पनामाच्या संयोगभूमीवर, डेरियनला, वसाहत करायला जहाजे धाडली. बरोबर विकायला काय नेले, तर कंगवे आणि केसांचे टोप! त्या दमट रानात टोपाला गिऱ्हाईक कुठले? तापाने माणसे पटापट गेली, इंग्रजांनी मदत नाकारली, स्पॅनिश लोकांनी वेढा घातला. 1700 मध्ये सारे आटोपले. सुमारे 2,000 माणसे गेली आणि देशातल्या पैसेवाल्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या.

मग 1707 साली इंग्लंडशी एकीकरण झाले. करारात एक रक्कम होती : 3,98,085 पौंड 10 शिलिंग. वरच्या 10 शिलिंगांवर माझा जीव आहे. त्यावरून हा हिशेब कुणा कारकुनाने केला असणार हे कळते. या पैशातून डेरियनमध्ये बुडालेल्यांना मुद्दल, वर दरसाल 5 टक्के व्याज मिळायचे होते. पैसे गाड्यांमधून एडिंबराला आले तेव्हा लोकांनी त्यांवर दगड मारले. त्यातही बरीचशी रक्कम रोख नव्हती, कागदी हुंड्या होत्या! या भरपाईच्या रोख्यांचे जे मालक होते, त्यांनीच पुढे 1727 मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड काढली. दुसऱ्याच वर्षी तिने एका व्यापाऱ्याला खात्यात नसलेले पैसे काढू दिले. ओव्हरड्राफ्ट तो हाच. माझ्या नोकरीतले निम्मे मनस्ताप तिथून आलेले आहेत.

आता कल्पना करा, 2014 साली मी एडिंबरात बँकेच्या काउंटरमागे बसलो आहे. सवयीने कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. स्वतंत्र झालो तर पौंड राहील का? ‘तो आमचाही आहे,’ म्हणतात आमचे नेते सॅमंड. ‘वाटून मिळणार नाही,’ म्हणतात लंडनचे अर्थमंत्री ऑस्बॉर्न. पेन्शन कोण देईल? समुद्रातले तेल किती दिवस पुरेल? तेवढ्यात खुद्द रॉयल बँकेने जाहीर केले, की ‘होय’ झाले तर आपले नोंदणीकृत घर इंग्लंडला हलवू. एकीकरणाच्या पैशातून जन्मलेली बँक, ती तरी काय करणार!

दुसऱ्या बाजूला काय लिहू? 2010 च्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या 59 जागांपैकी कॅमेरूनसाहेबांच्या पक्षाला मिळाली 1. तरी पंतप्रधान तेच. अणुबॉम्बच्या पाणबुड्या आमच्या फासलेनच्या बंदरात, त्यांची किल्ली लंडनला. हे खरे, पण याचे पौंडांत किती होतात? रकान्यात आकडाच लिहिता येईना. बेरीज कशी जुळावी?

शेवटच्या पंधरवड्यात एका चाचणीत ‘होय’ पुढे गेले. तशी लंडनचे तिन्ही मोठे पुढारी घाईघाईने जास्त अधिकारांचे वचन देऊ लागले. हे आमच्याकडेही चालते. वीस वर्षे ज्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिले नाही, तो खातेदार खाते बंद करायचा अर्ज घेऊन आला, की मॅनेजर चहा मागवतो.

घरी हे सारे सांगितले तर ही म्हणाली, ‘बेचाळीस साली तुमच्या आजोबांनी तुरुंगात जाताना पेन्शनचं विचारलं होतं का?’ मी गप्प झालो. रात्री अंथरुणावर उत्तर सुचले. स्कॉटलंडचे खाते संयुक्त होते. कुरकूर करीत का होईना, साम्राज्याच्या पासबुकावर त्यांची सही होती, आणि नफ्यात वाटाही. आपण खातेदार नव्हतोच. आपण ठेव होतो. ठेवीला बाहेर पडताना हिशेब करावा लागत नाही. खातेदाराला करावा लागतो, आणि तीनशे सात वर्षांचा करायचा तर हात थरथरणारच. त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निकाल सर्वांना ठाऊक आहे : ‘नाही’ 55.3 टक्के, ‘होय’ 44.7. युरोपातली जागा सुरक्षित राहावी म्हणूनही कित्येकांनी ‘नाही’वर फुली मारली होती. दोनच वर्षांनी, 2016 मध्ये, ब्रिटनने युरोप सोडायचा कौल दिला. स्कॉटलंडने 62 टक्क्यांनी राहू म्हटले होते. ते कुणी विचारात घेतले नाही. पुन्हा मत घ्यावे म्हटले, तर 2022 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणाले, लंडनच्या परवानगीशिवाय तसा कायदा तुम्हांला करता येणार नाही. सुरक्षित ठेव म्हणून पैसे ठेवावेत आणि मुदतीआधीच बँकेने नियम बदलावेत, तसे झाले.

मग मी फुली कुठे मारली असती? खरे सांगू, मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्या दिवशी मतदारयादीतले 84.6 टक्के लोक घराबाहेर पडले, सोळा-सतरा वर्षांची पोरेसुद्धा. त्यांत माझ्यासारखे कितीतरी असतील, पेन्सिल हातात धरून पडद्याआड उभे राहिलेले, बेरीज न जुळलेली. वरती साहेब नव्हता. छत्तीस लाखांवर माणसांनी त्या दिवशी कागद पुढे न सरकवता स्वतःच निकाली काढला.

हे वाचल्यापासून मी निदान भाजी तरी स्वतः ठरवून आणतो. काल दोडकी आणली. ही म्हणाली, ‘कुणी सांगितलं होतं?’