स्नायू, हाडं आणि सांधे: ताकदीचा व्यायाम घरातल्या प्रत्येकाला का हवा?

जुमाच्या दिवशी मोहल्ल्यातल्या मशिदीत बघा, सफच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या दिसतात. घरात अम्मी किंवा दादी मुसल्ल्यावरून उठताना पलंगाचा आधार घेतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आता वय झालं, बेटा." वय होतं हे खरंच आहे. पण जमिनीवरून उठता न येणं, जिना चढताना दम लागणं, बादली उचलताना हात थरथरणं, यामागे बऱ्याचदा वयाइतकंच स्नायूंतली ताकद कमी होणंही असतं. ही ताकद कोणत्याही वयात बऱ्याच प्रमाणात परत मिळवता येते. त्यासाठी जो व्यायाम करतात त्याला इंग्रजीत स्ट्रेंथ ट्रेनिंग म्हणतात. आपण त्याला ताकदीचा व्यायाम म्हणू.

ताकदीचा व्यायाम म्हणजे काय?

स्नायूंना एखाद्या वजनाविरुद्ध किंवा ताणाविरुद्ध काम करायला लावायचं आणि ते काम हळूहळू वाढवत न्यायचं, एवढंच. वजन म्हणजे जिममधले डंबेल्सच हवेत असं नाही. पाण्याची बाटली, तांदळाची पिशवी, रबरी पट्टा किंवा स्वतःच्या शरीराचं वजनही चालतं. आपल्याकडच्या तालमींत पैलवान जोर-बैठका काढत आले, तोही हाच व्यायाम. फरक इतकाच की तो तरुण मुलांचा समजला गेला. खरी गरज मात्र चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना, आणि त्यातही बायकांना जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रत्येक प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम करायला सांगितलं आहे. ६५ च्या पुढे तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम ३ दिवस हवा. चालणं यात धरलेलं नाही, ते वेगळं.

स्नायूंना काय फायदा?

तिशीनंतर स्नायूंचं प्रमाण दर १० वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी येते आणि आकडा तोच राहतो. वयानुसार होणाऱ्या या झिजेला १९८९ मध्ये अमेरिकन डॉक्टर आयर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवलं.

ही झीज भरून काढता येते का? १९९० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन इथे वृद्धाश्रमातल्या १० जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ९० होतं. त्यांच्याकडून ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. प्रयोग लहान होता, पण "या वयात काय उपयोग" या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं. त्यानंतर मोठ्या अभ्यासांतही हेच दिसत आलं आहे.

स्नायूंचं आणखी एक काम आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त खेचून घेतात ते स्नायूच. म्हणून ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांना ताकदीच्या व्यायामाचा दुहेरी फायदा होतो.

हाडांना काय फायदा?

हाड म्हणजे सुकलेलं लाकूड नव्हे. त्यात एका बाजूने जुनं हाड मोडणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूने नवं बांधणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करतात. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. अंतराळात वजन जाणवत नाही, तर तिथे गेलेल्यांची कंबर आणि मांडीची हाडं महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के विरळ होतात. म्हणजे भार नसेल तर शरीर हाड राखत बसत नाही.

तिशीच्या आसपास हाडं सर्वांत मजबूत असतात. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर ती झपाट्याने विरळ होऊ लागतात. पुढच्या ५ ते ७ वर्षांत २० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. त्यात दुखत काहीच नाही. बाथरूममध्ये पाय घसरतो, खुबा मोडतो, आणि तेव्हा कळतं. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर कितीतरी बुजुर्ग पुन्हा पहिल्यासारखे चालू शकत नाहीत, हे आपण घराघरांत बघतो.

ऑस्ट्रेलियात याच विषयावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडं विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या १०१ बायका त्यात होत्या. एका गटाने ८ महिने, आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजन उचललं. त्यांच्या कंबरेच्या मणक्याची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हाडासाठी भार खरोखर जाणवण्याइतका लागतो, आणि विरळ हाडं असताना एवढं जड वजन जाणकाराशिवाय उचलायचं नाही.

सांध्यांना काय फायदा?

"गुडघे दुखतात, मग व्यायाम केला तर आणखी झिजतील ना?" हा प्रश्न सगळेच विचारतात. सांध्यातल्या कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. सांधा बसवून ठेवला तर आजूबाजूचे स्नायू सुकतात आणि सगळा धक्का थेट सांध्यावर येतो. मांडीचे पुढचे स्नायू मजबूत असले तर ते धक्का झेलतात. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवातात आज डॉक्टर पहिला उपाय म्हणून व्यायाम आणि वजन कमी करणं सांगतात. एका अभ्यासात दिसलं की शरीराचं वजन १ किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो.

झिजलेली कुर्चा व्यायामाने परत उगवत नाही. मात्र दुखणं कमी होतं आणि चालणं, उठणं-बसणं सुधारतं.

घरकाम आणि नमाज पुरेसं नाही का?

नमाजमध्ये रुकू, सजदा, कअदा यामुळे कंबर, खुबा, गुडघे, घोटे दिवसातून अनेक वेळा हलते राहतात. सांधे मोकळे राहण्यासाठी हे चांगलंच. घरकामातही शरीर थकतं. पण ताकद वाढते ती भार वाढत गेल्यावर. रोज तेच काम, तेवढंच वजन असेल तर शरीराला त्याची सवय होते आणि ताकद तिथेच थांबते. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायकांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आधी स्वतःला तपासा

भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसा. हात छातीवर घडी घालून ठेवा. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला ११ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त समजतात. आकडा वहीत लिहून ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. बुजुर्गांची चाचणी घेताना कुणीतरी शेजारी उभं राहावं.

घरच्या घरी सहा व्यायाम

पडदा करणाऱ्या भगिनींना किंवा जिमची फी परवडत नसणाऱ्यांना एक खोली पुरते.

१. खुर्चीवरून उठबस: हातांचा आधार न घेता. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मांड्या आणि खुब्यासाठी.

२. भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून कोपर वाकवत भिंतीकडे जायचं आणि ढकलून परत यायचं. जमू लागलं की ओट्यावर, मग जमिनीवर. छाती, खांदे, दंडांसाठी.

३. पिशवी ओढणं: एक हात टेबलावर टेकवून थोडं वाकायचं, दुसऱ्या हाताने तांदळाची पिशवी कोपर मागे नेत कंबरेपर्यंत ओढायची. पाठीसाठी.

४. कंबर उचलणं: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलायची आणि तीन मोजेपर्यंत धरायची.

५. टाचा उचलणं: भिंतीला हात लावून चवड्यांवर उभं राहायचं. पोटऱ्या आणि तोलासाठी.

६. वजन घेऊन चालणं: दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालायचं, अर्धा ते एक मिनिट. पकड आणि पाठीसाठी.

पहिले पाच व्यायाम प्रत्येकी ८ ते १२ वेळा, सहावा घड्याळ लावून. अशा २ फेऱ्या, आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण वाटायला हव्यात. १२ वेळा सहज जमू लागलं की थोडं वजन वाढवा. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो, हिशोब सोपा आहे. वजन उचलताना श्वास सोडा, रोखून धरू नका, कारण श्वास कोंडला की रक्तदाब चढतो.

पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू भरायला दोन-तीन महिने लागतात, हाडांना त्याहून जास्त. म्हणून पंधरा दिवसांत सोडून देऊ नका.

खाण्याचं काय?

प्रोटीनशिवाय स्नायू बनत नाहीत. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. ६० किलो वजनाला हे साधारण ५० ग्रॅम होतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६ ते ७, वाटीभर घट्ट डाळीत साधारण ६ ते ७, आणि १०० ग्रॅम शिजलेल्या चिकन किंवा मासळीत २० ते २५ ग्रॅम असतं.

आपल्या घरात गोश्त शिजतं म्हणून सगळ्यांना प्रोटीन मिळतं असं धरून चालू नका. बऱ्याच घरांत बोट्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा आणि रोटी येते. हाडं सर्वांत लवकर विरळ होणार तिचीच. तिच्या ताटात अंडं, डाळ, दही रोज असायला हवं.

कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणी, तीळ आणि काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी. व्हिटॅमिन डी साठी ऊन लागतं, आणि काचेतून आलेलं ऊन चालत नाही. बाहेर पूर्ण झाकून जाणाऱ्या भगिनींनी गच्चीत किंवा आडोशाच्या अंगणात हातापायांवर दुपारच्या आसपासचं ऊन घ्यावं, आणि डॉक्टरांना विचारून एकदा तपासणी करावी.

रमजानमध्ये

महिनाभर व्यायाम बंद ठेवायची गरज नाही. इफ्तारनंतर तासा-दीड तासाने किंवा तरावीहनंतर २० मिनिटं पुरेत. वजन वाढवायच्या मागे न लागता आहे ते टिकवा. इफ्तार ते सहरी पाणी भरपूर प्या. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तीन गैरसमज

बायकांचं शरीर पुरुषी होतं: नाही. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा खूपच कमी असतं, त्यामुळे तसे स्नायू सहजासहजी फुगत नाहीत.

मुलांची उंची खुंटते: योग्य पद्धतीने आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने वाढ थांबत नाही, हे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही सांगितलं आहे.

प्रोटीन पावडर घ्यावीच लागते: नेहमीच्या जेवणात प्रोटीन पुरेसं असेल तर गरज नाही. मुलं जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या-इंजेक्शनं घेत नाहीत ना, यावर मात्र लक्ष ठेवा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

छातीत दुखणं, नुकताच आलेला हार्ट अटॅक, ताब्यात नसलेला बीपी, हर्निया, नुकतंच ऑपरेशन, शुगरमुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेला त्रास, मणक्याचं जुनं फ्रॅक्चर, गर्भारपण. विरळ हाडांच्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम सुरू केला म्हणून त्या बंद करू नका. व्यायामानंतर दोन-तीन दिवस स्नायू ठणकणं स्वाभाविक आहे. पण सांधा सुजला, किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल, तर वजन कमी करा आणि दाखवून घ्या.

२०१५ मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताची पकड जितकी कमी, तितका पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका जास्त दिसला, दर ५ किलोमागे १६ टक्के. नुसती मूठ आवळून आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पकडीवरून साऱ्या शरीराच्या ताकदीचा अंदाज येतो.

आठवड्यातले दोन दिवस ठरवा, वेळ असरनंतरची ठेवा किंवा फज्रनंतरची. घरातल्या तीन पिढ्या एकाच खोलीत हे करू शकतात. अम्मींना एकटीला "व्यायाम कर" सांगून त्या करणार नाहीत, सोबत उभं राहिलात तर नक्की करतील.