चौथी गोळी आणि जखमांची साक्ष

कडा परिसरातील भाविकांना नगरचा रस्ता नवा नाही. बाजार, दवाखाना, शिक्षण या निमित्ताने आपण आजच्या अहिल्यानगरला जातच असतो. १९४८ च्या जानेवारीत मात्र बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि नगर मुंबई प्रांतात. त्या नगर शहरात विष्णू करकरे हा 'डेक्कन गेस्ट हाऊस' चालवीत असे. फाळणीत घरदार गमावलेला मदनलाल पाहवा तेथे त्याच्या आश्रयास आला. २० जानेवारी १९४८ रोजी मदनलालने दिल्लीच्या बिर्ला भवनात स्फोट घडविला. दहाच दिवसांनी, ३० जानेवारीच्या सायंकाळी, त्याच आवारात पुण्याच्या नथुराम गोडसेने महात्मा गांधींवर गोळ्या झाडल्या.

त्या गोळ्या किती होत्या? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नावर मोठा वाद उभा राहिला. गोडसेवर तीन गोळ्या झाडल्याचा आरोप होता. चौथी गोळी सिद्ध झाली, तर ती झाडणारा दुसरा मारेकरीही मानावा लागेल, असे मुंबईचे डॉ. पंकज फडणीस यांचे प्रतिपादन होते. हत्येनंतरच्या काही वृत्तपत्रांत चार गोळ्यांचा उल्लेख आला होता, त्याचा त्यांनी आधार घेतला.

वैद्यकीय पुरावा काय सांगतो? ३१ जानेवारीच्या सकाळी लेफ्टनंट कर्नल तनेजा या शल्यचिकित्सकांनी पार्थिवाची तपासणी केली. शवविच्छेदन झाले नाही, ही शंकेखोरांना मिळालेली पहिली फट. तनेजांनी छाती व पोट मिळून गोळी आत शिरल्याच्या तीन जखमा नोंदविल्या. पाठीकडून दोन गोळ्या बाहेर पडल्या होत्या, एक शरीरातच राहिली होती. येथेच सामान्य माणसाची फसगत होते. आरपार गेलेली एक गोळी दोन जखमा करते. म्हणून जखमांची संख्या म्हणजे गोळ्यांची संख्या नव्हे. त्याच दिवशी यमुनाकाठी दहन झाले आणि देहाची साक्ष कायमची संपली. उरली ती कागदांची.

अमेरिकेत मात्र देहालाच पुन्हा साक्षीला बोलावले गेले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी हे आपलेच कॅथलिक बांधव. १९६३ साली त्यांची हत्या झाली, आणि संशयित ली ऑस्वाल्डही दोन दिवसांतच मारला गेला. पुढे मायकल एडोज या इंग्रज लेखकाने असे मांडले की, पुरलेला मनुष्य ऑस्वाल्ड नसून त्याच्यासारखा दिसणारा रशियन हेर होता. ऑस्वाल्डच्या कानामागे लहानपणी शस्त्रक्रिया झाली होती. शवविच्छेदनाच्या अहवालात तिच्या व्रणाचा उल्लेख नव्हता. अखेर ४ ऑक्टोबर १९८१ रोजी कबर उघडली गेली. दात लष्करी नोंदींशी जुळले आणि कानामागील हाडात जुन्या शस्त्रक्रियेची खूणही सापडली. तो ऑस्वाल्डच होता. तरीही वाद थांबला नाही. कवटीवर शवविच्छेदनाचा छेद दिसला नाही, अशी नवी शंका पुढे आली.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ विधिज्ञ अमरेंद्र शरण यांना न्यायालयाचे सहायक म्हणून नेमले. त्यांनी खटल्याची सुमारे चार हजार पाने आणि १९६९ चा कपूर आयोगाचा अहवाल तपासला. दुसऱ्या मारेकऱ्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली गेली.

मग ही शंका माणसाला इतकी प्रिय का व्हावी? अज्ञात हात मानला की ओळखीचा हात विसरता येतो, हे त्याचे कारण मला दिसते. मारेकरी परका असेल तर आपले गाव, आपली भाषा, आपल्यातला द्वेष हे सारे निर्दोष ठरते. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालातील नावे मात्र आपल्या शेजारचीच होती.

याच्या उलट दुसरे टोकही आहे. हत्येनंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. एकाचा अपराध संपूर्ण समाजाच्या माथी मारला गेला. ख्रिस्तसभेला हे पाप अपरिचित नाही. प्रभू येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला १९६५ साली स्पष्टपणे सांगावे लागले. दोष अज्ञातावर ढकलणे आणि दोष सर्वांवर लादणे, या दोन्हींत आठव्या आज्ञेचा भंग आहे; दोन्ही खोट्या साक्षीच आहेत.

प्रश्न विचारणे हे पाप नव्हे. संत थोमानेही जखमा पाहण्याचा आग्रह धरला, आणि प्रभूने त्या त्याला दाखविल्या. थोमाचे थोरपण त्यापुढे आहे: जखमा पाहिल्यावर त्याने आणखी एखादी जखम मागितली नाही. त्याने गुडघे टेकले. इतिहासापुढे उभे राहताना आपल्यालाही एवढे साधले पाहिजे.