आरेचे भूत आणि भयाची जात

मागच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात बावीस प्रतिज्ञांवर चर्चा चालली होती. अकरावीतला एक मुलगा उठून म्हणाला, "भूत नसते हे मान्य. मग रात्री बारानंतर रिक्षावाले आरेतून यायला नाही का म्हणतात?" वर्ग हसला. आम्ही बिबट्या, खड्डे आणि बंद दिव्यांची कारणे देऊन वेळ मारून नेली. घरी येताना मात्र जाणवले की, मुलाने विचारले होते एक आणि आम्ही उत्तर दिले भलत्याचेच. भूत आहे की नाही, हा त्याचा प्रश्न नव्हता. आरेच्याच वाट्याला भूत का आले, हा होता.

आरेची गोष्ट मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. गोरेगाव ते पवई रस्त्यावर रात्री पांढऱ्या साडीतली बाई हात दाखवते. गाडी थांबवली तर मागच्या सीटवर बसते आणि थोड्या वेळाने आरशात पाहावे तर सीट रिकामी. मुंबईतल्या 'झपाटलेल्या' जागांची यादी यूट्यूबवर उघडली की आरेचे नाव हटकून सापडते. तरुण पोरे मोबाईल घेऊन रात्री 'भूत शोधायला' जातात. लाखो लोक ते व्हिडिओ पाहतात, आणि त्यात आपलीही पोरे असतात. म्हणून हा विषय हसण्यावारी न नेता इतिहास आणि समाजशास्त्राच्या अंगाने तपासायला हवा.

ही बाई फक्त आरेची नाही

अमेरिकेत अशाच गोष्टी १९४० च्या दशकापासून अभ्यासकांनी गोळा केल्या आहेत. लोकसाहित्याचे अभ्यासक यान हॅरल्ड ब्रुनव्हांड यांनी १९८१ मध्ये 'द व्हॅनिशिंग हिचहायकर' हे पुस्तक लिहिले. लिफ्ट मागून गायब होणारी बाई शहराशहरांत कशी फिरते, ते त्यांनी दाखवले. सांगणारा कधीच स्वतः पाहिल्याचे सांगत नाही, पाहिलेले असते ते त्याच्या मित्राच्या मित्राने. म्हणजे आरेच्या बाईला गाव नाही. जिथे मोटार, सुनसान रस्ता आणि अनोळखी झाडी एकत्र येतात तिथे ती उभी राहते.

पण एवढ्यावर थांबलो तर निम्मेच उत्तर हाती येते. ही गोष्ट सांगतो कोण? जो गाडीत बसला आहे तो. त्याला आरे वीस मिनिटांचा काळोख वाटतो. त्या काळोखात चुली पेटतात, मुले अभ्यास करतात, बाया पहाटे भाजी घेऊन बाजाराला निघतात, हे त्याच्या गोष्टीत कुठेच नाही.

आरे दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली. शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी एका जागी आणून मुंबईला स्वच्छ दूध पुरवायचे, अशी ती योजना. दारा खुरोडी हे तिचे शिल्पकार, आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे तीन हजार एकरांची ही जमीन. सरकारी इतिहास इथून सुरू होतो. मात्र वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे इथे त्याआधीपासून आहेत. आजही आरेत २७ पाडे मोजले जातात. दूध वसाहत आली, मग १९७७ मध्ये चित्रनगरी आली, मग 'फोर्स वन'चे केंद्र आले, मग मेट्रो. प्रत्येक वेळी कागदावर ही जमीन 'मोकळी' होती. पाड्यांवर मात्र वीज, पाणी आणि शौचालयासाठी दशकानुदशके अर्ज चालले होते.

भूतकथा आणि सरकारी नकाशा यांची इथे गट्टी जमते. नकाशा म्हणतो, इथे कुणी राहत नाही. भूतकथा म्हणते, इथे माणूस राहूच शकत नाही. दोघांच्या मधे वारली माणूस दिसेनासा होतो. खरे गायब होतात ते हे लोक, पांढऱ्या साडीतली बाई नव्हे.

पाड्यावरच्या माणसाला रात्रीची भीती नाही असे नाही. बिबट्या आहे, साप आहेत. २०२१ मध्ये बिबट्याने आरेत माणसांवर लागोपाठ हल्ले केले, २०२२ च्या दिवाळीत एका चिमुरडीचा जीव गेला. पण वारली लोक त्याच प्राण्याला वाघोबा म्हणून पुजतात, वाघबारस पाळतात. ज्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहायचे त्याच्याशी नाते जोडावे लागते. भूत फक्त पाहुण्यापुरते असते.

भुतालाही जात असते

आता गावाकडे वळू. इंग्रज अधिकारी आर. ई. एन्थोवेन यांनी १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली कोकणातल्या भुतांची यादी वाचली की जातीची उतरंड मेल्यावरही सुटत नाही हे कळते. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. समंध म्हणजे वारस न ठेवता मेलेला, इस्टेटीत जीव अडकलेला पुरुष. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. लावसट ही विधवेचे भूत. ज्याला मुंजीचा अधिकार नाही तो मुंजा होऊ शकत नाही, आणि ज्याला इस्टेट नाही त्याचा समंध होत नाही. बाईचे भूत ठरते ते तिच्या नवऱ्यावरून आणि बाळंतपणावरून. ज्या व्यवस्थेने विधवेला जिवंतपणी छळले तीच तिच्या मरणाला घाबरते. 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये देशभर चालला. तो पाहून हसताना, मुंजीचा अधिकार कुणाला होता, हा प्रश्न आपण दाराबाहेर ठेवून येतो.

भुतांच्या जागा कोणत्या? मसणवटा, वेस, ओढा, गावकुसाबाहेरचा पिंपळ. आणि महारवाडा, मांगवाडा कुठे होता? तिथेच. म्हणजे गावाने ज्या दिशेला भीती ठेवली त्याच दिशेला आपली माणसे ठेवली. मयताचा सांगावा परगावी न्यायचा, सरणाची लाकडे वाहायची, वेशीवर रात्रभर राखण करायची, ही कामे वतनाच्या नावाखाली महारांच्या गळ्यात होती. गावाला रात्री मसणवटा भीतिदायक वाटे, पण महाराला तिथे पाठवताना गावाला भीती वाटत नसे. त्याच्या भीतीची कुठे गणतीच नव्हती. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते निव्वळ पगाराच्या हिशेबासाठी नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, या गुलामीतून माणूस सोडवण्यासाठी होते.

शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचले आहे त्यांना विहिरीतले प्रेत आठवत असेल. गावकीचे काम म्हणून वडिलांना त्या प्रेताची राखण करावी लागते, ते बाहेर काढावे लागते. ही मराठीतली खरी भयकथा आहे, आणि तिच्यात भूत नाही. मुलाला भीती वाटते ती वडिलांच्या जिवाची आणि हुकूम सोडणाऱ्या सत्तेची.

अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आम्ही आरेच्या संदर्भात मुद्दाम वाचायला सांगतो. वारणाकाठचा भीमा कामासाठी मुंबईत येतो. उपनगरात, जंगलाच्या कडेला, त्याला दगडाच्या खाणीत काम मिळते. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशानात राख चाळून आणि पुरलेली प्रेते उकरून सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेतासाठी कोल्ह्यांशी त्याची झुंज होते, बोटे गमावतो, आणि मग कळते की खाण पुन्हा सुरू होणार आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथा घराघरांत नेली, त्यांचे कौशल्य आम्ही नाकारत नाही. पण त्यांच्या बहुतेक कथांत भय बाहेरून येते आणि सुरक्षित घरात शिरते. अण्णाभाऊंच्या भीमाला मुळात सुरक्षित घरच नाही. तो प्रेताला घाबरत नाही, उद्याच्या उपासमारीला घाबरतो.

सुऱ्याच्या चित्रपटात मरते कोण?

पाश्चात्य 'स्लॅशर' चित्रपटांवर कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ मध्ये ग्रंथ लिहिला. एक मारेकरी, एकेक करून मरणारी पोरे आणि शेवटी वाचणारी एक सावध मुलगी, हा या चित्रपटांचा साचा त्यांनी उलगडला. त्या मुलीला त्यांनी 'फायनल गर्ल' म्हटले. आम्ही हा साचा मुंबईच्या इतिहासाला लावून पाहिला.

१९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली जात होती. ऑगस्टमध्ये रमण राघव पकडला गेला. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. ज्या खुनांसाठी त्याला शिक्षा झाली ते मालाडच्या चिंचवलीतले, म्हणजे आरेपासून फार दूर नाही. फाशी झाली, पण मनोरुग्ण म्हणून ती जन्मठेपेत बदलली, आणि १९९५ मध्ये तो मेला. त्याच्यावर १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी माहितीपटवजा चित्रपट काढला. २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांच्या चित्रपटाच्या शीर्षकातही त्याचेच नाव होते.

मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का? ते फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारे मजूर होते. त्यांच्या दाराला कडी नव्हती, अनेकांना दारच नव्हते. मारेकरी वेडा होता हे खरे. पण इतकी माणसे उघड्यावर झोपत होती, ते त्याच्या वेडामुळे नव्हे. शहराला त्यांचे श्रम हवे होते, घर द्यायचे नव्हते. चित्रपट मारेकऱ्याच्या डोक्यात शिरतो. मजुराच्या झोपडीत शिरून, दार का नाही, असे विचारणारा चित्रपट अजून व्हायचा आहे. आपल्या वस्तीत 'फायनल गर्ल' नसते, कारण वाचलेल्या माणसाची साक्ष ऐकायला कुणी थांबत नाही.

सर्वच भयपट असे नाहीत. 'मधुमती' (१९५८) मध्ये जमीनदाराच्या अत्याचारामुळे मेलेली आदिवासी मुलगी परत येते ती साक्ष द्यायला. 'लपाछपी'ने उसाच्या फडात स्त्रीभ्रूणहत्येचा हिशेब मागितला. अमेरिकेतल्या 'कॅन्डीमॅन'मध्ये (१९९२) गोऱ्या मुलीवर प्रेम केले म्हणून जमावाने मारलेला काळा चित्रकार भूत होतो. तो पाहताना आम्हाला २८ एप्रिल २०१४ चे खर्डा आणि नितीन आगे आठवला. मुलीशी बोलला या संशयावरून या दलित विद्यार्थ्याला मारले गेले, आणि २०१७ मध्ये न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ज्याला न्यायालयात न्याय मिळत नाही त्याला गोष्टीत भूत व्हावे लागते. पण भुताकडून मिळालेल्या न्यायावर आपण समाधान मानायचे का? आमचे उत्तर नाही असे आहे. नितीनला भूत नको होते, न्याय हवा होता.

दोन हरकती

पहिली हरकत अशी की, पाली वाङ्मयातही 'पेतवत्थु' आहे, प्रेतांच्या कथा आहेत. आहेत. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना आत्म्याची कल्पनाच नाकारली. सहाव्या प्रतिज्ञेत श्राद्ध आणि पिंडदान सोडण्याचे वचन आहे. अतृप्त आत्मा, त्याला शांत करणारा विधी आणि विधी करणाऱ्याची दक्षिणा ही एकच साखळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी ती तोडली. भुताला घाबरणारा बौद्ध ती साखळी नकळत पुन्हा पायात घालतो.

दुसरी हरकत अशी की, आदिवासींमध्येही भगत आणि भुताळीच्या समजुती आहेत. त्याही आहेत, आणि भुताळी ठरवून बायकांना मारहाण झाल्याचे आपण ठाणे-पालघरकडे ऐकत आलो आहोत. पाड्यावर प्रेम आहे म्हणून हे झाकायचे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा आता गुन्हा आहे. तो कायदा पाड्यावर आणि आपल्या वस्तीत सारखाच लागू आहे.

४ ऑक्टोबरची रात्र

आरेत एक भयाची रात्र खरोखर झाली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कारशेडविरोधी याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. लोक धावले. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोडणी थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. प्रजापूर पाड्यावरच्या कुटुंबांना त्याआधीच घरे सोडावी लागली होती. पाच वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, आरेच्या मेट्रोचे उद्घाटन झाले. मेट्रो नको असे आमचे म्हणणे नाही, आम्हीही तिने प्रवास करतो. पण त्या रात्री कुणाच्या हातात काय होते हे विसरून आम्ही प्रवास करत नाही. त्यात पांढरी साडी नव्हती. हुकूम होता, यंत्रे होती आणि बंदोबस्त होता.

त्या अकरावीतल्या मुलाला आता आमचे उत्तर असे आहे. जिथल्या माणसांना मोजायचे नसते तिथे भूत बसवले जाते. गावकुसाबाहेर बसवले, आरेतही बसवले. म्हणून रात्री मोबाईल घेऊन भूत शोधायला जाऊ नकोस. दिवसा पाड्यावर जा. म्हाताऱ्यांना विचार, इथे कधीपासून राहता, सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे, पाणी कुठून आणता. ते लिहून काढ आणि पुढच्या वर्गात वाचून दाखव. भीतीचा इतिहास इतकी वर्षे गाडीतल्या लोकांनी लिहिला, आता तो पायी चालणाऱ्यांनी लिहायचा आहे.

जय भीम!