नर्रईची रात्र : खेळातील लढाई आणि इतिहासातील लढाई



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत इतिहास शिकवला. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो; इतिहास हा माझा व्यवसाय कधीच नव्हता. त्यामुळे आज मी जे मांडणार आहे ते एका वाचकाचे मनन समजावे, संशोधकाचा निर्णय समजू नये.

गुरुजींची लढाई शिकवण्याची एक पद्धत होती. फळ्यावर ते आधी नदी काढीत, मग डोंगर, मग वाटा. सैन्ये सर्वांत शेवटी येत. नकाशा पुरा झाला की खडू खाली ठेवून ते विचारीत, “आता सांगा, या क्षणी तुम्ही काय केले असते?” आम्ही हिरिरीने उत्तरे देत असू. कोणाचेही उत्तर त्यांनी बरोबर म्हटल्याचे मला स्मरत नाही. ते एवढेच विचारीत, “आणि तुमचे हे ऐकले कोणी असते?” या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला पन्नास-साठ वर्षे उलगडला नव्हता. तो उलगडला माझ्या नातवामुळे, आणि तोही एका खेळातून.

दिवाळीत किल्ला करण्याची मराठी घरांतील प्रथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. दगड-माती रचायची, उतारावर अळीव पेरायचे, वर महाराजांना बसवायचे आणि पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे उभे करायचे. माझा नातू किल्ला करतो तो संगणकावर. ‘एज ऑफ एम्पायर्स’ नावाचा एक युद्धखेळ आहे. त्याचा दुसरा भाग १९९९ साली निघाला आणि नव्या रूपात तो आजही खेळला जातो. त्यात ‘सिनारियो एडिटर’ नावाची सोय आहे. खेळणाऱ्याने स्वतः भूमी आखायची, नद्या-डोंगर मांडायचे, सैन्ये ठेवायची आणि अमुक घडले तर तमुक घडावे असे नियम घालायचे. थोडक्यात, गुरुजींचा फळाच तो. गेल्या दिवाळीच्या सुटीत नातवाने त्यात नर्रईची लढाई रचली. २०२२ साली या खेळात हिंदुस्थानातील काही नवे समाज आले. पण त्यांत गोंड नाहीत. हत्तीदळ हवे म्हणून त्याने गोंडांच्या जागी बंगाली घेतले! खेळून झाल्यावर तो मला म्हणाला, “आजोबा, मी राणीला जिंकवलं. चालेल ना?”

त्या प्रश्नाला मी त्या वेळी हसून मान डोलावली. आजचे व्याख्यान हे त्याचे खरे उत्तर आहे.

नर्रईची हकीकत आपल्या परिसराला परकी नाही. आपला बालाघाट जिल्हा १८६७ साली शेजारच्या भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून झाला. त्यातील मंडल्याकडचा भाग हा गढा-मंडल्याच्या गोंड राज्याच्या छायेतला. बैहरकडच्या गोंड वस्त्यांत राणी दुर्गावतीचे नाव पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून घेतले जात आले आहे. राणी जन्माने चंदेल राजकन्या. संग्रामशाहाचा पुत्र दलपतशाह याच्याशी तिचा विवाह झाला. पतीच्या मृत्यूच्या वेळी पुत्र वीरनारायण अवघा पाच वर्षांचा होता. त्याच्या नावाने तिने सुमारे सोळा वर्षे राज्य चालवले. अधार कायस्थ हा तिचा विश्वासू कारभारी. वीस हजार घोडदळ आणि एक हजार हत्ती असा तिच्या बळाचा आकडा अबुल फजलाने ‘अकबरनाम्या’त दिला आहे.

हा साक्षीदार कोण, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अबुल फजलाचा जन्म १५५१ चा. लढाईच्या वेळी तो तेरा वर्षांचा पोर होता. त्याने हे लिहिले ते पुढे अनेक वर्षांनी, आणि जेत्याच्या दरबारात बसून. राणीच्या शौर्याची आणि कारभाराची तो मनापासून स्तुती करतो. मात्र खुशामत करणाऱ्यांमुळे ती गर्विष्ठ झाली आणि बादशहापुढे नमली नाही, असा दोषही तिच्या पदरी बांधतो. तरीही लढाईचा तपशील त्याच्याइतका कोणी दिलेला नाही, म्हणून आपल्याला त्याच्याच मागे जावे लागते.

१५६४ साली कड्याचा मोगल सुभेदार आसफखान दहा हजार घोडदळ घेऊन गढ्यावर चालून आला. तो दमोहपर्यंत पोचला तेव्हा राणीचे सैन्य पांगलेले होते आणि तिच्याजवळ पाचशे माणसे उरली होती. वीस हजारांचा आकडा कागदावरचा, हाताशी पाचशे! अधाराने ही गोष्ट स्पष्टपणे तिच्या कानी घातली. अपमानाने जगण्यापेक्षा मानाने मरणे बरे, या आशयाचे उत्तर तिने दिले. पण आंधळेपणाने ती शत्रूवर धावली नाही. तिने जागा बदलली, माणसे जमवली आणि शेवटी गढ्याच्या पूर्वेला नर्रई येथे तळ दिला. चहूकडे डोंगर, एका बाजूला गौर नदी, दुसऱ्या बाजूला नर्मदा आणि आत शिरायला अरुंद खिंड. मोठ्या घोडदळाची मोठेपणाची सारी मिजास उतरवणारी ही जागा. तोवर तिची माणसे वाढत वाढत पाच हजारांच्या घरात गेली होती.

प्रथम खिंडीच्या तोंडाशी झुंज झाली. तीत राणीचा हत्तीदळाचा फौजदार अर्जुनदास बैस कामी आला आणि खिंडीचे तोंड मोगलांच्या हाती गेले. मग राणी स्वतः पुढे झाली. मोगलांची सुमारे तीनशे माणसे पडली, उरलेल्यांना तिने खिंडीबाहेर रेटले. दिवस मावळला तो राणीच्या विजयावर.

आणि येथे, मित्रहो, त्या लढाईचे खरे मर्म आहे. त्या संध्याकाळी राणीने आपल्या सरदारांना मसलतीला बोलावले. तिचे मत होते की याच रात्री छापा घालावा. तसे केले नाही, तर सकाळी आसफखान जातीने येईल आणि तोफा आणून खिंड रोखून धरील. एकाही सरदाराने तिला दुजोरा दिला नाही. सकाळी अगदी तसेच घडले. तोफा खिंडीत आल्या, आणि जी अरुंद वाट काल राणीची ढाल होती तीच आज तिचा सापळा झाली.

पुढचे सर्वश्रुत आहे. राणी सरमन नावाच्या हत्तीवर चढली. वीरनारायणाने तीन वेळा शत्रूला मागे हटवले. तिसऱ्या वेळी तो जखमी झाला. राणीने त्याला सुरक्षित जागी नेण्याची आज्ञा केली, आणि त्याच्याबरोबर पुष्कळ लोकही निघून गेले. उरले सुमारे तीनशे. एक बाण कानशिलात रुतला, तो तिने उपटला. टोक आतच राहिले. दुसरा मानेत लागला. शुद्धीवर येताच शत्रूच्या हाती सापडण्यापूर्वी मला संपव, असे तिने हत्तीवर पुढे बसलेल्या अधार बघेलाला सांगितले. त्याचा हात धजेना, तेव्हा तिने स्वतःच कट्यार चालवली. परंपरेने हा दिवस २४ जून १५६४ मानला जातो.

मी वर्गात दुर्गावतीविषयी बोललो तेव्हा ‘अपुऱ्या सैन्यबळामुळे पराभव’ असे एका वाक्यात सांगून मोकळा होत असे. ती रात्र मी कधी पाहिलीच नव्हती. ‘अकबरनाम्या’तला तो भाग पुन्हा काढून वाचला तो नातवाचा खेळ पाहून. त्याने पहिल्या दिवसाच्या विजयानंतर सगळे हत्ती आणि घोडेस्वार अंधारात खिंडीबाहेर काढले, झोपलेल्या छावणीवर घातले आणि बाजी मारली. राणीची योजना नेमकी हीच होती. म्हणजे राणीचा अंदाज युद्धशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता, एवढे त्या खेळाने मला दाखवले. हे त्याचे ऋण मी मान्य करतो.

पण मग फरक कोठे पडला? नातवाने बोटाने खूण केली आणि सैन्य निघाले. खेळातला सैनिक दमत नाही, घाबरत नाही, घरच्या आठवणीने मागे वळत नाही. त्याला विचारावे लागत नाही. राणीला विचारावे लागले. तिच्या राज्यातील सरदार हे आपापल्या गढ्यांचे, आपापल्या माणसांचे धनी होते. पगारी शिपाई नव्हते. दिवसभर लढून थकलेली माणसे, अंधारी खिंड, अनोळख्या आवाजाने बिथरणारे हत्ती, तोंडावर आलेला पाऊस आणि नुकताच मिळालेला विजय. हे सारे त्यांच्या नकारामागे असावे, असे मला वाटते. विजयानंतरची रात्र ही सावध माणसाला फार समजूतदार वाटते. “आणि तुमचे हे ऐकले कोणी असते?” हा गुरुजींचा प्रश्न येथे लागू पडतो.

युद्धखेळाच्या जाणकारांना ही अडचण नवी नाही. आपल्या बुद्धिबळाचे मूळ असलेल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे होती; पण प्यादे नकार देत नाही. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैन्याच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ रचला. त्यात खेळाडू आपल्या हाताने सोंगट्या हलवीत नसे. तो हुकूम लिहून पंचाकडे देई. निरोप्याला पोचायला जितका वेळ लागावा तितक्या वेळानेच तो हुकूम अमलात येई. झुंजीचा निकाल फाशांवर ठरे. सेनापतीचा विचार आणि रणावरची घटना यांत अंतर असते, ही जाणीव त्या खेळात होती.

हे मी नातवाला सांगितले. दोन दिवस तो काही बोलला नाही. मग त्याने नियम बदलला. पहिला दिवस संपताच राणीचे स्वतःचे हत्ती तेवढे खेळणाऱ्याच्या हाती राहतात. बाकीचे सैन्य मित्रपक्षाचे होते आणि ते पहाटेपर्यंत हलत नाही. तो पुन्हा पुन्हा खेळला आणि पुन्हा पुन्हा हरला. शेवटी वैतागून म्हणाला, “आजोबा, यात मजा नाही. मला कळतंय काय करायचं, पण कोणी ऐकतच नाही.” राणीच्या त्या रात्रीचे याहून नेमके वर्णन मला कोणत्या ग्रंथात आढळले नाही.

इतिहासात जर-तरला जागा नाही, असे आपण म्हणतो. तसे पाहिले तर पानिपताची लढाई मराठी माणूस १४ जानेवारी १७६१ पासून ओट्याओट्यांवर पुन्हा खेळतच आहे. जर-तर करावे, मात्र त्याने निर्णयाचा क्षण आणि त्यातला पेच कळावा. नुसता निकाल उलटवायचा असेल तर तो करमणुकीचा भाग झाला. शिवाय खेळ ‘विजय’ अशी अक्षरे उमटताच संपतो. इतिहास तेथे संपत नाही. रात्रीचा छापा साधला असता, तरी आसफखानामागे अकबराचे साम्राज्य उभे होतेच.

लढाईनंतर सुमारे दोन महिन्यांनी आसफखानाने चौरागड घेतला. वीरनारायण लढताना पडला, आत जोहार झाला. हजार हत्ती आणि अपार खजिना हाती लागला. बादशहाकडे त्यातले दोनशे हत्ती पोचले. राज्य मात्र बुडाले नाही. दहा किल्ले देऊन चंद्रशाहाने ते राखले. पुढे १७४२ साली मंडल्यावर जी स्वारी झाली आणि जीत राजा महाराजशाह मारला गेला, ती बाळाजी बाजीराव पेशव्यांची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या राज्याचा शेवट केला तो सागरच्या मराठ्यांनी. या गावात बसून, मराठीत, नर्रईची गोष्ट सांगताना हे पान उलटून जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. खेळात आपण बाजू निवडतो. इतिहासात ती आपल्यासाठी आधीच निवडली गेलेली असते, आणि ती नेहमीच आपल्याला आवडेल अशी नसते.

राणीची आठवण राज्यकर्त्यांनी पुढे सन्मानाने जपली. जबलपूर विद्यापीठाला १९८३ साली तिचे नाव मिळाले, १९८८ साली तिचे टपाल तिकीट निघाले. पण लोकांनी ती त्याच्या फार आधी, आपल्या रीतीने जपली होती. एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने तिच्या समाधीविषयी लिहून ठेवले आहे. येणारा-जाणारा वाटसरू तेथे त्या भागात सापडणारा चांगल्यात चांगला पांढरा स्फटिक वाहत असे. जवळच दोन मोठे गोल दगड होते. ते राणीचे नगारे असून दगड झाले आहेत, आणि मध्यरात्री ते रानात वाजतात, मेलेल्या वीरांना पुन्हा तिच्याभोवती बोलावतात, अशी लोकांची श्रद्धा होती.

हे नगारे दिवसा का वाजत नाहीत? मला वाटते, लोकांनी ‘अकबरनामा’ न वाचताही ती रात्र ओळखली होती. ज्या रात्री नगारा वाजायला हवा होता आणि वाजला नाही, त्याच रात्री तो लोकमनात वाजत राहिला. निकाल त्यांनी बदलला नाही. समाधी तेथेच आहे, पराभवही तेथेच आहे. राणीची हाक तेवढी त्यांनी ऐकली.

तेव्हा नातवाला माझे उत्तर असे : राणीला जिंकव, काही हरकत नाही. पण एकदा तरी तो दुसरा खेळ, ज्यात कोणी ऐकत नाही तो, पहाटेपर्यंत खेळ. आणि येथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती अशी की फळ्यावर आधी नदी काढावी, मग डोंगर, मग वाटा. आणि खडू खाली ठेवल्यावर गुरुजींचे दोन्ही प्रश्न विचारावेत.