एक पत्ता, दोन वाटाडे

छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ४३१००१. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. ४ हा आकडा विभाग सांगतो, ४३ उपविभाग, ४३१ वर्गीकरणाचा जिल्हा आणि उरलेले तीन आकडे वाटपाचे कार्यालय. दूरच्या गावी पत्रे निवडणाऱ्याला शेवटचे तीन आकडे पाहावेच लागत नाहीत. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले, पण पिन तोच राहिला.

संगणकाच्या जाळ्यावर हाच प्रश्न पंचवीसेक वर्षांनी पुन्हा उभा राहिला. तिथे पत्ता म्हणजे बहुधा तबकडीवरच्या फाइलची जागाच असे. फाइल हलली की पत्ता बाद! सन कंपनीने १९९७ मध्ये सर्व्हलेट आणले. मागणी येताच उत्तर तयार करणारा हा जावा भाषेतला छोटा प्रोग्राम. अशा अनेक सर्व्हलेटांना सांभाळतो तो कंटेनर. सनने १९९९ मध्ये अपाचीला दिलेला टॉमकॅट हा असाच एक. त्याच वर्षी स्टेफानो माझ्झोकी या इटालियन विद्यार्थ्याने कोकून सुरू केला. एकाच एक्सएमएल मजकुरातून वेबपान, पीडीएफ अशी निरनिराळी रूपे तो काढून देई.

कंटेनरच्या लेखी अख्खा कोकून हा एकच सर्व्हलेट. म्हणून पत्ता दोनदा वाचावा लागे. कंटेनर आधी तंतोतंत जुळणारा नियम शोधतो, मग सर्वांत लांब जुळणारा आरंभ, मग '.एक्सएमएल'सारखे शेपूट. काहीच जुळले नाही तर मागणी ठरलेल्या सर्व्हलेटकडे जाते. नियम कोणत्या क्रमाने लिहिले याला इथे महत्त्व नाही. कोकूनच्या २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीतला 'साइटमॅप' मात्र वरून खाली वाचला जातो आणि पहिला जुळणारा नियम बाजी मारतो. 'काहीही चालेल' असा नियम चुकून वर लिहिला, तर खालच्यांची पाळीच येत नाही. दोन वाटाड्यांच्या या दोन रीतींनी भल्याभल्यांना चकवले असणार, असे आम्हाला वाटते.

पहिल्या आवृत्तीत मजकुरावर कोणते संस्कार करायचे ते त्या फाइलीतच लिहिलेले असे. साइटमॅपने ते बाहेर काढले. आत फाइल कुठेही हलवा, वाचकाचा पत्ता तोच! सगळ्याच मागण्या कोकूनकडे वळवल्या तर चित्रेही त्याच्याकडे येत. ती जशीच्या तशी परत देण्यासाठी वेगळा नियम लिहावा लागे.

वर्गात सहा-सात पत्त्यांच्या चिठ्ठ्या करून एका मुलाला कंटेनर, दुसऱ्याला साइटमॅप करून पाहा. मग साइटमॅपच्या नियमांचा क्रम बदला आणि कोणती चिठ्ठी भलतीकडे जाते ते मुलांनाच शोधू द्या.