मोजणीदार, मास्तर आणि एक मैदान

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची स्वतःची गोल्फची मैदानं आहेत. स्टॅनफर्डचं 1930 साली सुरू झालं, मिशिगनचं 1931 साली. माझ्या आवडीचं मात्र न्यू हेवनच्या येल विद्यापीठाचं, 1926 सालचं. मी गोल्फ खेळत नाही. पण हे मैदान उभं करणाऱ्यांत एक इंजिनिअर होता आणि एक शाळामास्तर, म्हणून आपल्या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

सुरुवात चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डपासून करायला हवी. 1872 साली, सोळाव्या वर्षी, तो शिकायला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात गेला आणि गोल्फ घेऊन परतला. पुढे त्याने ब्रिटनमधल्या उत्तमोत्तम होलची मापं आणि रेखाटनं जमवली. लाँग आयलंडवर स्वतःचं मैदान करायचं ठरलं, तेव्हा जमीन मोजायला त्याने सेथ रेनर नावाचा स्थानिक मोजणीदार बोलावला. रेनर प्रिन्स्टनला इंजिनिअरिंग शिकलेला. गोल्फशी त्याचा संबंध नव्हता. पण त्याचं काम पाहून मॅकडोनाल्डने बांधकामही त्याच्यावर सोपवलं. पुढे रेनर स्वतःच नामवंत आरेखक झाला.

या दोघांची पद्धत आमच्या धंद्यातल्या कुणालाही लगेच ओळखू येईल. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक प्रश्न शून्यापासून सोडवत नाही. पारखून घेतलेले आराखडे असतात, ते नव्या जागी बसवतो. त्यांच्याकडेही असे आराखडे होते आणि त्यांना नावं होती. ‘रेडान’ म्हणजे तिरपं, मागे उतरत जाणारं ग्रीन आणि पुढच्या कोपऱ्यावर राखणीला वाळूचा खोल खड्डा. मूळ रेडान स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकचा. ‘आल्प्स’मध्ये ग्रीन टेकाडाआड दडलेलं असतं. ‘बियारित्झ’ हे नाव फ्रान्समधल्या गावावरून आलं: लांबलचक ग्रीन आणि त्याच्या मधोमध आडवी घळ. ही नक्कल नव्हे. जमिनीचा चढउतार वाचून कुठला आराखडा कुठे शोभेल हे ठरवावं लागतं, आणि रेनरचं कसब तिथेच होतं.

येलची जमीन सोपी नव्हती. 1924 साली सारा टॉम्पकिन्स यांनी पती रे यांच्या स्मरणार्थ सुमारे 700 एकर दिले. रे हे येलच्या फुटबॉल संघाचे एकेकाळचे कर्णधार. सगळं रान, खडक आणि दलदल. झाडं तोडून, सुरुंगाने खडक फोडून होल काढावे लागले. मॅकडोनाल्ड सल्लागार होता, आखणी रेनरची. नववा होल बियारित्झ आहे: चेंडू तळ्यावरून दोनशे यार्डांहून जास्त मारायचा, आणि ग्रीनमधली घळ सुमारे पाच फूट खोल.

मैदान खुलं होण्याआधीच, जानेवारी 1926 मध्ये, रेनर न्यूमोनियाने गेला. वय 51. काम अडलं नाही, कारण शेजारी चार्ल्स बँक्स होता. बँक्स येलचाच पदवीधर, हॉचकिस शाळेत इंग्रजी शिकवायचा. रेनर त्या शाळेचं मैदान करायला आला, त्याचं काम बघता बघता मास्तरांनी नोकरी सोडली आणि त्याचं शिष्यत्व पत्करलं. गुरूची अर्धवट राहिलेली कामं त्यानेच तडीस नेली.

एक गोष्ट मात्र खटकते. जमीन एका बाईने दिली, पण येलच्या पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळाला थेट 1969 साली. म्हणजे मैदान झाल्यावरही 43 वर्षं तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांत एकही मुलगी नव्हती. आपल्या वर्गातल्या ज्या आम्ही मुली इंजिनिअर झालो, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मधल्या काळात मैदानाची काही ग्रीन आक्रसली, काही खड्डे बुजले. अलीकडे गिल हान्स या आरेखकाकडे जीर्णोद्धार सोपवला गेला. जुनी छायाचित्रं पाहून मूळ आकार शोधता येतात, कारण आखणीमागचा विचार स्पष्ट होता. आमच्याकडेही दुसऱ्याने लिहिलेलं काम हाती येतं, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे कळलं तरच ते दुरुस्त करता येतं.

आपल्या बाई आणि सर वहीत नुसतं उत्तर पाहून खूण करत नसत. पायऱ्या लिहायला लावत. तेव्हा कंटाळा यायचा. रेनरच्या पश्चात बँक्सने मैदान पुरं केलं, ते अशा पायऱ्या त्याला ठाऊक होत्या म्हणूनच.